मथळा देणाऱ्याची जबाबदारी

वृत्तपत्राच्या कचेरीत बातमी लिहिणारा एक असतो आणि तिला मथळा देणारा बहुतेक वेळा दुसराच. तालुक्याचा वार्ताहर संध्याकाळी बातमी पाठवतो. डेस्कवरचा उपसंपादक ती वाचतो, कापतो, नीट करतो आणि पान सोडायची वेळ झाली की तिच्यावर मथळा चढवतो. सकाळी गावात लोक अडवतात ते मात्र वार्ताहराला. ‘मथळा मी दिला नव्हता’ हे त्याचं म्हणणं खरं असतं, पण ज्याची अब्रू गेली त्याला त्याचा काय उपयोग?

माझी सगळी नोकरी डेस्कवर गेली. हजारो बातम्यांना मथळे दिले, नव्या मुलामुलींना ते काम शिकवलं, आणि वाचकांचे संतापलेले फोनही घेतले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन पाळतो. त्या दिवशी लेखणीच्या ताकदीबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती ताकद रोजच्या रोज वापरली जाते ती दोन जागी, मथळ्यात आणि अवतरणचिन्हांत. या दोन जागा सांभाळल्या तर पत्रकारितेचं निम्मं काम सांभाळलं, असं माझं मत आहे. ते कसं सांभाळावं याबद्दल अनुभवाने जे शिकवलं, ते क्रमाने मांडतो.

१. बातमी कोणी वाचणारच नाही, असं धरून मथळा द्यावा

एसटी स्टँडवरच्या स्टॉलला पेपर अर्धे दुमडून टांगलेले असतात. चहाच्या टपरीवर एकाच पेपरची चार पानं चार जणांच्या हातात असतात. घरी सकाळच्या घाईत माणूस पहिलं पान वरवर बघतो आणि कामाला लागतो. हल्ली मथळ्याचा तेवढा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवतात, खालची बातमी त्यात येतच नाही. म्हणजे बहुतेकांच्या मनात राहतो तो मथळा.

‘खाली सविस्तर दिलं आहे की’ हा बचाव म्हणूनच मला कधी पटला नाही. पहिल्या पानावर पाच कॉलमी मथळ्यात एखाद्याला दोषी ठरवायचं आणि पान सातवर, शेवटच्या परिच्छेदात त्याची बाजू द्यायची, याला दोन्ही बाजू दिल्या असं म्हणता येत नाही. भारतीय प्रेस कौन्सिलने पत्रकारांसाठी जे आचरणाचे निकष ठरवले आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की मथळा भडक किंवा चिथावणीखोर नसावा आणि खाली छापलेल्या मजकुराने तो सिद्ध व्हायला हवा. नव्या उपसंपादकांना मी त्याचीच सोपी कसोटी सांगत असे. बातमीवर हात ठेव, फक्त मथळा वाच, आणि तेवढ्यावरून वाचकाचा जो समज होईल तो खरा आहे का ते स्वतःला विचार. उत्तर ‘नाही’ असेल तर मथळा बदलायचा, मग तो कितीही चुरचुरीत असो.

२. कोण म्हणालं, हे मथळ्यातच आलं पाहिजे

‘बँकेत दहा कोटींचा अपहार’ आणि ‘बँकेत दहा कोटींचा अपहार, विरोधी संचालकांचा आरोप’ या दोन मथळ्यांत जागेचा फरक तीन शब्दांचा आहे. परिणामाचा फरक एवढा की पहिल्या मथळ्यानंतर दुसऱ्या दिवशी ठेवीदार बँकेसमोर रांग लावतील. आरोप हा आरोप म्हणूनच छापावा लागतो. प्रेस कौन्सिलचा निकष इथेही नेमका आहे. निवेदनातल्या आरोपावर मथळा द्यायचा असेल तर तो करणारा कोण ते मथळ्यात सांगा, निदान अवतरणचिन्हं तरी घाला.

यातला दुसरा पर्याय मला अपुरा वाटतो. ‘भ्रष्ट’ किंवा ‘गद्दार’ असा एखादा शब्द एकेरी अवतरणचिन्हांत टाकला की डेस्कला वाटतं आपण सुटलो. वाचकाला ती दोन बारीक चिन्हं दिसतही नाहीत, त्याला शब्द दिसतो. जागा नाही हे कारण मी रोज ऐकलं आहे. तीन कॉलमांत दोन ओळींचा मथळा बसवताना अक्षरं मोजावी लागतात, हे खरंच आहे. पण जागा कमी पडली तर विशेषण कापावं. बोलणाऱ्याचं नाव कापू नये.

३. ‘जर’, ‘तर’ आणि ‘पण’ यांना कात्री लावू नये

दूधदराचं आंदोलन पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. एका शेतकरी नेत्याच्या सभेची बातमी आली होती आणि डेस्कवरच्या सहकाऱ्याने तिला मथळा दिला होता, ‘दूध रस्त्यावर ओतू!’ वाक्य बातमीत होतं, नेता तसा बोललाही होता. तरी मला वार्ताहराशी बोलावंसं वाटलं, म्हणून फोन लावला. त्याने वहीतून वाचून दाखवलं ते असं: ‘आठ दिवसांत बोलणी झाली नाहीत, तर पोरं म्हणतायत, दूध रस्त्यावर ओतू. मला ते पटत नाही. थेंबभर दूध सांडलं तर माझी आई ते बोटाने टिपून डोळ्यांना लावायची. पण पोरांना मी किती दिवस थांबवू?’

म्हणजे जो माणूस पोरांना आवरत होता, तोच आमच्या मथळ्यात चिथावणी देणारा ठरणार होता. शब्द त्याच्याच तोंडचे होते, पण ते त्याचं म्हणणं नव्हतं. आम्ही मथळा दिला, ‘आठ दिवसांत बोलणी करा, दूध ओतण्याची वेळ आणू नका’. सरकारवरचा दबाव त्यातही होता आणि नेत्याची भूमिकाही शाबूत राहिली.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं आणि शिजलेलं असेल तरच. भाषणातलं एक वाक्य निवडताना ते सगळ्या भाषणाच्या चवीचं आहे का, हे बघावंच लागतं. माणसाची खरी भूमिका बहुतेक वेळा ‘पण’च्या पुढे असते आणि आपण मथळा काढतो तो ‘पण’च्या अलीकडून.

४. अवतरणचिन्हांच्या आत फक्त बोलणाऱ्याचे शब्द

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पत्रकार परिषदेत एक हिंदी वाक्य उच्चारलं. मोठ्या शहरांत अशा घटना होत असतात, असा त्याचा आशय. लोकांत संताप उसळला आणि १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. ते वाक्य बोलायला नको होतं, याबद्दल मला शंका नाही. पण ते पुढे किती वेगवेगळ्या शब्दांत छापलं गेलं, सांगितलं गेलं! कुणाच्या अवतरणात ‘छोटी घटना’, कुणाच्या ‘एखादा हादसा’. ज्या वाक्यामुळे राज्याच्या गृहमंत्र्याचं पद जातं, ते वाक्य तरी सगळीकडे अक्षरशः एकच असायला हवं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. माणसं वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत बोलतात, मंत्री दूरचित्रवाणीसाठी हिंदीत बोलतात, अधिकारी इंग्रजीत. आपण ते सगळं प्रमाण मराठीत आणतो आणि वर अवतरणचिन्हंही देतो. माझा नियम साधा होता. शब्द तसेच्या तसे असतील तर अवतरण द्यावं. आशय आपल्या भाषेत सांगायचा असेल तर चिन्हं काढून ‘अमुक अर्थाचं ते बोलले’ असं लिहावं. मूळ बोलणं दुसऱ्या भाषेत असेल तर ‘ते हिंदीत म्हणाले’ हे सांगावं. एका सभेतलं वाक्य आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेतलं वाक्य जोडून एक अवतरण कधीही करू नये. आणि वार्ताहराने वही, रेकॉर्डिंग जपून ठेवावं. ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’ हे पुढाऱ्यांचं ठरलेलं वाक्य आहे. कधी ते खरं असतं, कधी ती पळवाट असते. कोणतं काय, हे ठरवायला आपल्याकडे मूळ शब्द असलेच पाहिजेत.

५. उत्तर छापलं तर प्रश्नही छापावा

पत्रकार विचारतो, ‘पक्षाने सांगितलं तर राजीनामा द्याल का?’ समोरचा म्हणतो, ‘हो, पक्षाचा आदेश कोण मोडेल?’ सकाळी मथळा, ‘राजीनामा देण्यास तयार’. तयारी त्याने दाखवलीच नव्हती, प्रश्न आपण तयार केला होता. कधी तर पत्रकाराने प्रश्नात वापरलेला जहाल शब्द उत्तर देणाऱ्याच्या तोंडी जातो. ‘ही हुकूमशाही नाही का?’ असं आपण विचारायचं, त्याने ‘तसं म्हणता येईल’ म्हणायचं आणि आपण छापायचं, ‘ही हुकूमशाहीच: आमदारांचा हल्लाबोल’.

‘एका प्रश्नाच्या उत्तरात ते म्हणाले’ हे चार-पाच शब्द जुन्या बातमीदारांच्या लिखाणात हमखास असत. ते काढून टाकल्याने बातमी आटोपशीर होते, पण वाचकाच्या हातून मोठा दुवा सुटतो. स्वतःहून केलेली घोषणा आणि खोदून काढलेलं उत्तर यांचं वजन सारखं नसतं. टीव्हीच्या बाइटमध्ये तर प्रश्न कापलेलाच असतो. म्हणून निदान छापील बातमीत तो दिलाच पाहिजे.

संदर्भाची ही ओढाताण आपल्या पत्रसृष्टीला नवी नाही. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा स्वतःचा बचाव करताना त्यांनी मांडलेला एक मुख्य मुद्दा हाच होता. हे लेख म्हणजे अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या वादातली उत्तरं आहेत, तो वाद बाजूला ठेवून ती वाचू नका. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. सुटी वाक्यं काढून माणसाला आरोपी करता येतं, हे ज्या मराठी पत्रसृष्टीने सोसलं, तिने तरी दुसऱ्याचं वाक्य सुटं काढताना शंभरदा विचार करावा.

६. आकडा मथळ्यात घेण्याआधी तो कशाचा आहे ते बघावं

मोठा आकडा दिसला की डेस्कचा हात शिवशिवतो. राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणीत एकूण पीकक्षेत्रातलं सिंचित क्षेत्राचं प्रमाण दशकभरात १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. त्याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले होते. या दोन आकड्यांतली तफावत भयंकर होती आणि ती चव्हाट्यावर आणणं हे वृत्तपत्रांचं कामच होतं. पण लवकरच ‘७० हजार कोटींचा घोटाळा’ हे शब्द रूढ झाले. दशकभराचा एकूण खर्च हाच घोटाळ्याचा आकडा झाला. त्या खर्चात भूसंपादन होतं, पगार होते, पूर्ण झालेली कामंही होती. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने २०१४ साली दिलेल्या अहवालात अनियमितता दाखवून दिल्या. त्या नेमक्या काय होत्या, हे किती वाचकांना आठवतं? आकडा आठवतो.

देशपातळीवर टू-जी स्पेक्ट्रमचं तसंच झालं. २०१०च्या अहवालात नियंत्रक व महालेखापालांनी सरकारचा संभाव्य महसूल किती बुडाला याचे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज दिले होते. सर्वांत लहान ५७ हजार ६६६ कोटींचा आणि सर्वांत मोठा १ लाख ७६ हजार ६४५ कोटींचा. मथळ्यांत सर्वांत मोठाच आला आणि ‘संभाव्य’ गळून पडला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, म्हणजे वाटपात गंभीर दोष होतेच. २०१७ साली विशेष न्यायालयाने मात्र सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. सामान्य वाचक गोंधळला. एवढे पैसे गेले म्हणता आणि दोषी कोणीच नाही?

आकडा फुगवल्याने भ्रष्टाचाराविरुद्धची बातमी बळकट होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती कमकुवत होते, कारण फुगवलेला भाग खोडून काढणं सोपं असतं आणि त्याच्याबरोबर खरा भागही वाहून जातो.

७. कोर्टाची बातमी देताना आदेश, शेरा आणि आरोप वेगळे ठेवावेत

सुनावणीत न्यायमूर्ती वकिलांना पुष्कळ प्रश्न विचारतात. बाजू पारखायची ती पद्धतच आहे. त्यातलं एखादं वाक्य उचलून ‘हायकोर्टाने सरकारला फटकारले’ असा मथळा दिला जातो. वाचकाला वाटतं निकाल लागला. प्रत्यक्षात आदेशात त्यातलं काहीच नसतं, कधी आदेश उलटाही येतो. २०२१च्या कोरोना लाटेत मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल तोंडी काढलेले अतिशय कठोर उद्गार देशभर गाजले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तोंडी शेऱ्यांचं वार्तांकन करण्यापासून माध्यमांना रोखायला न्यायालयाने नकार दिला. तो माध्यमांचा हक्कच आहे. त्याबरोबर न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की असे उद्गार म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. हक्क मिळाला की त्याबरोबरची जबाबदारीही आपलीच. ‘सुनावणीदरम्यान तोंडी विचारणा’ हे मथळ्यात नाही बसलं तर उपमथळ्यात तरी यावं.

आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरकही असाच पुसला जातो. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ साली हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. केरळात ते मथळे किती दिवस चालले! सीबीआयने १९९६ साली आरोप खोटे असल्याचं न्यायालयाला सांगितलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मधली वर्षं त्यांना कोणी परत दिली नाहीत. अटकेची बातमी द्यावीच लागते. पण ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गाळायचा अधिकार आपल्याला नाही. आणि ज्याच्या अटकेला पहिलं पान दिलं, त्याच्या सुटकेलाही पहिलं पान दिलं पाहिजे.

८. प्रश्नचिन्ह लावून अफवा छापू नये

‘जिल्ह्यात मुले पळवणारी टोळी?’ अशा मथळ्याचा बचाव ठरलेला असतो. आम्ही दावा केला नाही, प्रश्न विचारला. पण वाचक तो प्रश्न म्हणून वाचत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. अशा वेळी वृत्तपत्राचं काम अफवेला छापील शब्दाचं वजन देणं नसतं. पोलीस ठाण्यात फोन करून अशी एकतरी तक्रार दाखल आहे का हे विचारायचं आणि ‘मुले पळवण्याची एकही तक्रार नाही; पोलिसांचा खुलासा’ असा मथळा द्यायचा. बातमी तीच, पण या मथळ्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

प्रश्नार्थक मथळा अग्रलेखाला शोभतो. १८९७ साली टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असं विचारलं, ते संपादकाचं मत होतं. बातमीच्या मथळ्याला ही मुभा नाही. ‘थयथयाट’, ‘चपराक’, ‘लोटांगण’, ‘खळबळ’ हे शब्दही मताचे आहेत. मत जरूर मांडावं, पण अग्रलेखाच्या पानावर, आपल्या नावाने.

९. आत्महत्येच्या बातमीला कारण चिकटवू नये

‘कर्जाला कंटाळून’, ‘परीक्षेत कमी गुण मिळाल्याने’, ‘प्रेमभंगातून’. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून प्राथमिक माहिती येते आणि डेस्क तिला तयार कारण लावून मोकळं होतं. माणूस स्वतःचा जीव देतो त्यामागे अनेक गोष्टी असतात. एकच कारण मथळ्यात दिलं की त्याच परिस्थितीत असलेल्या दुसऱ्याला तो मार्ग वाटू लागतो. प्रेस कौन्सिलने २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांना धरून यासाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. बातमी ठळक जागी नको, मथळा सनसनाटी नको, पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला, त्यातही माध्यमांना हेच बजावलं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी दडपावी, असं मी मुळीच म्हणत नाही. कर्ज, पीकविमा, भाव यांचा हिशेब मांडणारी बातमी रोज यावी, सरकारला जाब विचारणारी यावी. पण एका घरातल्या मृत्यूची बातमी देताना मथळा शांत असावा आणि खाली टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक असावा. तो द्यायला एक ओळ पुरते.

१०. मोबाइलवरच्या मथळ्यालाही तेच नियम

आता एकाच बातमीला तीन मथळे असतात. एक छापील पेपरात, एक संकेतस्थळावर, एक मोबाइलवर येणाऱ्या सूचनेत. छापील मथळ्यावर तीन जणांची नजर पडते. सूचनेचा मथळा एक मुलगा किंवा मुलगी मिनिटभरात लिहून पाठवून देते, कारण दुसऱ्याने आधी पाठवलेलं असतं. ‘अखेर मौन सोडलं’, ‘मोठं विधान’, ‘नेमकं काय म्हणाले?’ अशा मथळ्यांत माहिती काहीच नसते, उत्सुकता तेवढी असते. वाचक आत जातो, फसवल्याची भावना घेऊन परत येतो, आणि पुढच्या वेळी खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही.

त्या मुलांना मी दोष देत नाही. किती जणांनी क्लिक केलं याचा तक्ता समोर ठेवून त्यांच्या कामाचं मोल केलं जातं. जबाबदारी तो तक्ता लावणाऱ्यांची आहे. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत संपादकाचं नाव आणि ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’ अशी ओळ वर्षानुवर्षं छापली गेली. १८६७चा तो वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आता गेला, २०२४पासून त्याच्या जागी नवा आला. कायदा बदलला तरी ती ओळ प्रत्येक मालकाने आणि संपादकाने मनावर कोरून ठेवावी, आणि पडद्यावरच्या मथळ्यांनाही लावावी.

११. दुरुस्ती दिसेल अशी छापावी

पहिल्या पानावर चुकायचं आणि आतल्या पानावर, जाहिरातींच्या मध्ये दोन ओळींचा खुलासा टाकायचा, ही रीत सोडली पाहिजे. चूक लक्षात आल्यावर वृत्तपत्राने स्वतःहून, ताबडतोब आणि योग्य ठळकपणे दुरुस्ती छापावी, गंभीर चूक असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी, असंच प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. दुरुस्तीत चुकीचा मथळा काय होता आणि बरोबर काय, हे दोन्ही द्यावं. संकेतस्थळावर तर मथळा गुपचूप बदलण्याची सोय आहे आणि म्हणूनच तिथे ‘या बातमीत दुरुस्ती केली आहे’ हे लिहिणं जास्त गरजेचं आहे. दुरुस्ती छापणाऱ्या पेपरची पत कमी झालेली मी पाहिली नाही. वाचक फोन करून चांगलं केलंत म्हणतात, हे मात्र अनेकदा ऐकलं आहे.

या सगळ्याचं सार एकच. ज्याचे शब्द छापले तो बोलणारा, आणि त्या वेळी तिथे बसलेला साधा श्रोता, या दोघांनी सकाळी पेपर बघून ‘हो, असंच बोलणं झालं होतं’ असं म्हटलं पाहिजे. बोलणाऱ्याला मथळा आवडला नाही तरी चालेल, पण तो खोटा आहे असं त्याला म्हणता येता कामा नये.

पत्रकार होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की शंका आली तर पान पाच मिनिटं थांबवा आणि वार्ताहराला फोन करा. आणि वाचकांना विनंती, की मथळ्याचा फोटो पुढे पाठवण्याआधी खालची बातमी वाचा. मथळा दिशाभूल करणारा वाटला तर संपादकांना लेखी कळवा. त्यांनी दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. दैनिकाबाबत ती छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. कौन्सिलला दंड करता येत नाही, ताकीद देता येते, निर्भर्त्सना करता येते. पण वाचक बघतो आहे आणि लिहून विचारतो आहे, हे कळलं की डेस्कवरचा हात सावध होतो. तुम्ही विचारत राहा.